कारवीतला देव

"घाणीला पाय नसतात. ती माणूसच उचलून आणतो."

बदलापूरजवळच्या चामटोलीचा कोंडाजी हे इतक्या वेळा बोलायचा, की गावातली पोरं त्याला लांबून येताना पाहिलं की तेच ओरडायची आणि बांधामागं पळायची. तो चिडायचा नाही. उपरण्याचं टोक नाकाला लावून पुढं जायचा. गावाला वाटायचं, हा माणूस शिष्ट आहे. शेणाच्या गावात जन्मला आणि नाक बामणाचं घेऊन आला.

पण शेणाचं त्याला काही नव्हतं. शेणात हात घालून तो गोवऱ्या थापायचा, गोठ्यातच झोपायचा. त्याचं नाक बिघडवलं ते अंबरनाथनं. तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात तो गाळाच्या टाक्या उपसायचा. टाकी म्हणजे घराएवढं भांडं. तळाशी साचलेला गाळ कधी पिवळा, कधी जांभळा, कधी नासलेल्या अंड्यासारखा लिबलिबीत. आत उतरायचं, फावड्यानं तो ओढायचा, बादल्या भरायच्या आणि मागच्या नाल्यात सोडायच्या. नाला उल्हासनगरकडं वाहायचा. वाटेत दुसरे कारखाने आपापला रंग त्यात ओतायचे. सकाळी लाल असलेलं पाणी दुपारी निळं होई, आणि त्याच्या काठावर माणसं चुली मांडून भाकरी भाजत. त्या वासात पोरं जन्मत, त्या वासातच बारशी होत.

"सोडणारा मीच हाय," कोंडाजी म्हणायचा, "म्हणून मना ठाऊक."

सायकल मारत घरी आला की तो राखेनं हात घासायचा, मग लिंबाच्या सालीनं, मग पुन्हा राखेनं. तरी भाताचा घास तोंडाशी नेला की बोटांतून टाकी वर यायची. तो घास तसाच धरून बसायचा.

"अवं, भात खाताय का हुंगताय?" बनूबाई, त्याची बायको, विचारायची.

"तुला नाय येत वास?"

"मना तुमचाच येतो. सवय झाली."

सुट्टीच्या दिवशी मात्र तो घरात थांबत नसे. गावामागच्या डोंगरात, जिथं पावसाळ्यात धुकं कारवीच्या रानात येऊन बसतं, तिथं जायचा. काही करायला नाही. नुसता श्वास घ्यायला. लोक देवळात जातात तसा हा हवेला जायचा.

शहाऐंशीच्या श्रावणातली गोष्ट. कोंडाजी डोंगरावर असताना त्याला परसाकडला जायची वेळ आली. हातात टमरेल होतं. कारवीच्या दाटीत आडोसा बघून तो बसणार, तोच त्याला पायाशी काहीतरी पांढरं दिसलं. त्यानं पाला बाजूला सारला. काळ्या, कुजक्या, ओल्या पाल्यातून बोटाएवढी पांढरी नळकांडी वर आली होती. तोंडाशी थोडी फाकलेली, आत घशाशी हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा डाग. पान नाही. फांदी नाही. हिरवेपणाचा टिपूस नाही. मधलं काहीच न करता मातीनं एकदम फूलच काढलं होतं.

तो वाकून हुंगायला गेला. कसलाच वास आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या नाकाला काही म्हणजे काही लागलं नाही. सडक्या पाल्यातून येऊन सडक्याचा एक कण अंगाला लावून न घेतलेली ती फुलं बघत तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग उठला, टमरेल उचललं आणि ओढ्यापलीकडं गेला.

कारवी सात वर्षांनी फुलते आणि सारा डोंगर जांभळा होतो, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ठाऊक. तिच्या पायाशी दर श्रावणात फुलून पंधरवड्यात मातीत जिरणारं हे फूल मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्याला नाव नव्हतं. गुरं खात नाहीत, माणसं खात नाहीत, देवाला वाहत नाहीत, त्याला नाव कोण ठेवणार? कोंडाजी त्याला 'ती' म्हणायचा. "ती आली असतील," म्हणायचा, आणि निघायचा.

दोन वर्षांनी त्याच जागी त्याला सुनेत्राबाई भेटल्या. बाई बदलापुरात बेलवलीला राहायच्या आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात वनस्पतींचा विषय शिकवायच्या. पावसात छत्री मिटून, चिखलात गुडघे टेकून त्या फुलापुढं बसल्या होत्या. कोंडाजीला वाटलं, ही आता तोडणार. तो कारवीतून ओरडतच आला, "ए बाई! हात नको लावू!"

बाई दचकल्या. मग हसल्या. "नाही लावत. तुम्ही कोण? राखणदार?"

"मना कोणी ठेवला नाय राखण."

"मग मीच ठेवते," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्याला सांगितलं, की हे फूल स्वतःचं अन्न स्वतः करत नाही. मातीखाली कारवीच्या मुळाला ते चिकटलेलं असतं आणि तिच्याच जिवावर जगतं. कारवी आहे तोवर ते आहे. कारवी गेली की कुंडीत लावा, सोन्याच्या ताटात लावा, ते येणार नाही. या बाजूच्या डोंगरांत बाई बरीच वर्षं शोधत होत्या. एवढ्या संख्येनं त्यांना ते इथंच दिसलं होतं.

घरी त्यानं बनूबाईला हे सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजे दुसऱ्याच्या चुलीवर जेवायचं आनि नटून बसायचं. तुमच्या थोरल्या भावासारखं."

"तो नटत नाय."

"तेवढंच कमी हाय त्याचं."

पण कारवी राहणार कशी, हा प्रश्न होता. पाऊस सरला की गावोगावचे लोक कोयते घेऊन डोंगरावर चढत. पूर्वी कुडाच्या भिंतींना कारवी लागायची. आता कोंबड्यांच्या शेडना, वालाच्या मांडवांना, बदलापूरच्या हॉटेलांच्या भट्ट्यांना लागायची. दरवर्षी कोयता त्या जागेच्या जवळ सरकत होता. काहीजण तर मुळासकट उपटत. बाईंनी दोन-चार ठिकाणी जाऊन सांगितलं. ऐकणारे हसले. एकानं विचारलं, "बाई, या फुलाचा उपयोग काय?" बाई परत येऊन कोंडाजीला म्हणाल्या, "मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली."

तेव्हा कोंडाजीला ती युक्ती सुचली. आमच्या भागात देवाच्या रानातली काडी कोणी मोडत नाही. वाळलेली फांदी पडली तरी तिथंच कुजते. घरी न्यावी तर चूल घर खाते, अशी समजूत आहे. कोंडाजीनं ओढ्यातला एक गोल गोटा उचलला, बदलापूरच्या बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि फुलांच्या जागेच्या तोंडाशी देव बसवला. बाई बघत उभ्या होत्या.

"कोंडाजीभाऊ, मी देव मानत नाही हं."

"तुमी नका मानू. कोयता मानतो ना, झालं."

बाई इतक्या हसल्या की त्यांना छत्रीचा आधार घ्यावा लागला. जाताना मात्र त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पायातले बूट काढून त्या दगडापुढून गेल्या. उगाच. कोणी बघत असेल तर, म्हणून.

गावात महिपती म्हणजे जुना जाणता, कुठल्याही वादात शेवटचा शब्द त्याचा. कोंडाजीनं त्याला सांगितलं, की सपनात देव आला, म्हणाला मी कारवीत उभा आहे, माझ्यावर सावली ठेवा. महिपतीनं मान डोलावली. त्या वर्षी त्या बाजूला एकही कोयता चढला नाही. पुढच्याही वर्षी नाही. फुलं पसरली. श्रावणात कारवीखाली पंगतीला पानं मांडावीत तशी पांढरी रांग उभी राही. कोंडाजी आणि सुनेत्राबाई शेजारी शेजारी बसून बघत आणि चोरी पचलेल्या पोरांसारखे एकमेकांकडं पाहून हसत.

मग बनूबाईनं नवस केला.

त्यांची मुलगी विठा तापानं फणफणली होती. बदलापूरच्या डॉक्टरच्या सुया चालू होत्या, तरी ताप उतरेना. बनूबाई कोणाला न सांगता अनवाणी डोंगर चढली, कारवीतल्या देवापुढं डोकं टेकलं आणि पोरगी उठेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही असं बोलली. कोंडाजीला कळलं तेव्हा विठा उठून बसली होती, आणि बनूबाई नारळ घेऊन निघाली होती. सपान खोटं होतं, हे त्यानं तिला अजून सांगितलेलं नव्हतं. बायको दोन दिवस उपाशी होती. तिच्या तोंडावरचं ते तेज त्याला पुसता आलं नाही.

तो नारळ पहिला. आणि नारळ कधी एकटा येत नाही.

त्याच्या मागं अगरबत्त्या आल्या. त्यांच्या मागं त्यांची पुडकी आली. हळद, कुंकू, बुक्का, आणि ते बांधून आणलेल्या उल्हासनगरी प्लास्टिकच्या पिशव्या. कुणी दुधाचा अभिषेक केला. ते दूध पाल्यात मुरून आंबलं, त्यावर हिरव्या माश्या बसल्या. तेल मातीत उतरून तिचा चामड्यासारखा थर झाला. फुटलेल्या करवंट्यांत पावसाचं पाणी साठलं, त्यात अळ्या वळवळू लागल्या. लोक नैवेद्याचा दहीभात ठेवत आणि पाठ फिरवत. तो फुगे, पिवळा पडे, त्याला बुरशीची दाढी फुटे. गुटख्याच्या पुड्या कारवीच्या बेचक्यांत अडकून वाऱ्यानं फडफडत. आणि आडोसा म्हणून देवाच्या पाठीमागंच माणसं बसून जात. दर्शन पुढून, बाकीचं मागून.

कोंडाजी सुट्टीला जायचा तो आता श्वास घ्यायला नाही. पोतं घेऊन जायचा. टाकीत उतरल्यासारखा त्या जागेत उतरायचा, सडके नारळ, चिकट पानं, माश्यांनी काळा झालेला भात हातानं गोळा करायचा.  एकदा तो बाजूला जाऊन भडाभडा ओकला, आणि मग तेही मातीत पुरलं. लोक म्हणत, काय सेवा करतो बघा! असा भक्त नाही.

सुनेत्राबाई एका श्रावणात आल्या. पांढऱ्या रांगेतलं जेमतेम मूठभर उरलं होतं, तेही पायांनी तुडवलेलं. बाईंनी नाकाला पदर लावला.

"हे काय करून बसलो हो आपण?"

"आपण कोयता थांबवला," कोंडाजी म्हणाला. "पाय राहिले."

"उचला तो दगड. फेका ओढ्यात."

"बाई, रात्रीत दुसरा बसंल. आनि त्याला तर पायऱ्या पन असतील."

पायऱ्या आल्याच. त्र्याण्णव साल असेल. बदलापूरच्या सोनिवलीत तेव्हा नव्या बिल्डिंगा उठत होत्या आणि तिथं राहायला आलेले शशिकांत साहेब, एका कारखान्यातले ऑफिसर, या देवाचे भक्त झाले होते. मोठा सज्जन माणूस. त्यांच्या मनात आलं, देव उघड्यावर का? ओटा बांधू, वर पत्रा टाकू, टाइल्स लावू. दिवाळीनंतर मारुतीच्या देवळात बैठक बसली. चामटोलीचे झाडून सगळे आले. बायका खांबांशी बसल्या, त्यांत बनूबाई पुढं.

कोंडाजी उभा राहिला. 

"ओटा बांधू नका," तो म्हणाला. "तो देव मी बसवलाय."

"तूच बसवलास की," महिपती म्हणाला. "आमी काय नाय म्हनतो?"

"तसं नाय. ओढ्यातला गोटा हाय तो. सपान-बिपान काय पडलं नव्हतं. मी खोटं बोललो. तिथं एक फूल येतं, कारवी तोडली तर ते जाईल, म्हणून केलं."

 बनूबाईनं डोक्यावरचा पदर खाली ओढला. कोंडाजीला वाटलं, आता जोडे पडतील, आणि पडले तर बरं होईल. फूल वाचेल.

महिपतीनं पानाची पिंक बाहेर टाकली आणि सावकाश विचारलं, "कोंडा, ओढ्यात गोटे किती?"

"लय."

"मग तू हाच का उचललास?"

"गोल होता म्हणून."

"बघा!" महिपती सगळ्यांकडं वळला. "गोल होता म्हनं. आनि गोल कुनी केला? अरं, तू देव बसवलास असं तुला वाटतं. त्यानं तुझ्याकडनं बसवून घेतलं. सपान देऊनच सांगावं लागतंय व्हय त्याला?"

गर्दीतून 'अहाहा' निघालं. शशिकांत साहेबांनी डोळे पुसले. "केवढा निरहंकारी माणूस! स्वतःकडे श्रेय घेत नाही. मी सुचवतो, पुजारी हेच होऊ देत." त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून कोंडाजीच्या अंगावर घातली. शालीला अत्तराचा वास होता. कोंडाजीनं उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

घरी बनूबाई चुलीकडं तोंड करून बसली होती.

"मग माझी विठा कुनी उठवली? गोट्यानं?"

"डॉक्टरच्या सुयांनी."

"आनि मी उपाशी राहिले, ते कुनासाठी?"

 त्यानंतर त्या घरात देवाचं नाव निघालं नाही, फुलाचंही नाही.

शेवटचा उपाय म्हणून तो सुनेत्राबाईंना शशिकांत साहेबांकडं घेऊन गेला. साहेबांनी चहा दिला, सगळं ऐकलं, अगदी मनापासून ऐकलं. "बाई, निसर्ग जपायलाच हवा. तुम्ही जागा दाखवा. तेवढा चौकोन आपण मोकळा सोडू. भोवती ग्रिल लावू. बोर्डही लावू." बाईंनी जागा दाखवली. त्या जागेत तेव्हा नुसता पाला होता. फूल मातीखाली, मुळाला धरून निजलेलं. बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, "भोवतालची कारवी महत्त्वाची. ती राहू द्या." साहेबांनी पुन्हा पुन्हा मान डोलावली. महिपतीनं ग्रिलची मापं घेतली.

ज्या दिवशी काम सुरू झालं, त्या दिवशी कोंडाजी अंबरनाथला टाकीत होता आणि बाई परीक्षेच्या कामावर. तो संध्याकाळी डोंगरावर पोचला तेव्हा सिमेंटचा ओटा ओला होता. मधे वीतभर उंचीच्या हिरव्या ग्रिलचा चौकोन होता, त्यातली माती जशीच्या तशी, कोणी ढेकूळ हलवलं नव्हतं. आणि चौकोनाबाहेर, जिथवर नजर जाते तिथवर, कारवी नव्हती. तोडलेली नव्हती नुसती. पहारी घालून मुळासकट काढली होती. चिरफाळलेली मुळं एका बाजूला ढिगानं पडली होती आणि त्यांतून चीक गळत होता.

"कारवी का काढली?" त्यानं विचारलं. 

शशिकांत साहेब घामाघूम होते, स्वतः पहार मारली होती त्यांनी. चेहरा आनंदानं उजळलेला. "अहो, त्या झाडीमुळेच तुमच्या फुलाला ऊन मिळत नव्हतं. आता बघा कसं बहरतं!"

"आनि साप-किरडू पन गेलं," महिपती म्हणाला. "बायका-पोरं येतात."

कोंडाजी त्या दिवशी कोणाशी भांडला नाही. भांडायचं कोणाशी? वाईट हेतूच्या माणसाला दोन द्याव्यात. इथं सगळे हात जोडून उभे होते.

पुढचा श्रावण आला. पहिल्या सोमवारी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. लाउडस्पीकर होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि खाली ओल्या माणसांचा, कापराचा, आंबलेल्या खोबऱ्याचा, पायपुसण्यांचा एक गरम वास कोंडलेला होता. गोट्यावर शेंदराचे इतके थर चढले होते की तो आता कलिंगडाएवढा झाला होता आणि त्याला चांदीचे डोळे बसवले होते. पुजारी म्हणून कोंडाजी डोक्याला पागोटं बांधून, शाल पांघरून पुढं उभा. हातात आरतीचं ताट. शेजारी बनूबाई नैवेद्याचं ताट घेऊन. तिनं बोलणं टाकलं होतं, पण येणं टाकलं नव्हतं.

गर्दीच्या मागं, ओट्याच्या खाली पावसात सुनेत्राबाई उभ्या होत्या. त्या फूल बघायला आल्या होत्या.

ग्रिलवर बोर्ड होता: 'दुर्मीळ देवफूल. हात लावू नये.' आत लाल चिखल होता. चिखलात काहीच उगवलं नव्हतं. कुणाला तरी ती जागा ओकीबोकी वाटली असावी, म्हणून त्यानं तिथं प्लास्टिकचा गुलाब खोचला होता. गुलाबाच्या बुडाशी नारळाचं पाणी साचून त्यावर मुंग्यांची कड आली होती, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी थुंकलं होतं. लालभडक, ताजं.

एक बाई लेकराला कडेवर घेऊन वाकली. "देवफूल कुठंय हो?"

"देवाच्या मनात असंल तवा येईल," महिपती म्हणाला. "चला, आरती घ्या. कोंडा, पेटव."

कोंडाजीनं ताट पेटवलं नाही. तो ग्रिलमधल्या त्या पिंकेकडं बघत होता. ती चिखलात हळूहळू पसरत होती. मग त्यानं ताट ओट्याच्या पायरीवर ठेवलं. अंगावरची शाल काढली, नीट घडी केली आणि शशिकांत साहेबांच्या हातात दिली. साहेबांना वाटलं, धुवायला दिली. त्यांनी ती छातीशी धरली.

तो ओट्यावरून उतरला, तो गावाच्या बाजूला नाही. वर, डोंगराच्या बाजूला. कारवी जिथून काढली होती त्या खड्ड्या-खड्ड्यांतून, चिखलात पाय रुतवत, तो चढू लागला. मागून आरती सुरू झाली होती. कुणीतरी दुसऱ्यानं ताट उचललं होतं. सुनेत्राबाई दोन पावलं त्याच्या मागं गेल्या आणि थांबल्या. त्यांना वाटलं, हाक मारली तर काय सांगायचं? त्यांनी छत्री मिटली आणि पावसात नुसत्या बघत राहिल्या.

ओट्यावर सगळ्यांची तोंडं देवाकडं होती. एकट्या बनूबाईचं नव्हतं. ती देवाला पाठ करून उभी होती, हातातल्या ताटात भाताचा पावसाच्या तुषारांनी भिजून लगदा झाला होता, शेजारची बाई तिला कोपरानं ढोसत होती, "अगं, इकडं बघ की, आरती चालली हाय!" बनूबाई हलली नाही. वरच्या टप्प्यावर जिथं कारवीचं न तोडलेलं रान सुरू होतं, तिथं धुकं उतरलं होतं. कोंडाजी त्यात कमरेपर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. एकदाही मागं वळला नाही. पागोटं दिसेनासं झालं तरी ती त्या धुक्याकडं बघतच उभी होती.